लाव्हा घुमट : वाढीचे आलेखन

ज्वालामुखीच्या निर्गमद्वारातून बाहेर पडणारा लाव्हा अतिशय घट्ट असला, तर तो दूरवर वाहत न जाता द्वाराच्या तोंडाशीच साचत जातो आणि त्याचा घुमटाच्या आकाराचा उंचवटा तयार होतो. या उंचवट्यास लाव्हा घुमट म्हणतात. त्याची वाढ काही आठवड्यांत पुरी होते किंवा कित्येक वर्षे चालू राहते. ग्वातेमालातील सांत्यागीतो येथील घुमटसमूहाची वाढ १९२२ साली सुरू झाली व तिला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. वाढत्या घुमटाची उंची, विस्तार, आकार व घनफळ ही ठराविक काळाने मोजून त्यांचे नकाशे, छेद व आलेख तयार करणे, हा ज्वालामुखीविज्ञानातील एक महत्त्वाचा उद्योग आहे. घुमट स्वतः संथपणे वाढतो व त्याच्यापासून पळून जाणे कोणालाही शक्य असते. परंतु तो कोसळला किंवा त्याच्या पोटातील वायूंचा स्फोट झाला, म्हणजे तप्त राख, खडकांचे तुकडे व वायू यांचे जे लोंढे उताराने धावत सुटतात, त्यांच्यापुढे पळून कोणी वाचत नाही. या लोंढ्यांना अग्निदलिक प्रवाह म्हणतात. म्हणून घुमट आज किती मोठा आहे, कोणत्या बाजूस झुकत आहे आणि कालच्यापेक्षा किती वेगाने वाढत आहे, या प्रश्नांच्या उत्तरांवर पायथ्याच्या गावांचे भवितव्य अवलंबून असते. [→ ज्वालामुखी].

घुमट का बनतो : लाव्ह्याचा घट्टपणा म्हणजेच श्यानता ही मुख्यतः त्यातील सिलिकेचे प्रमाण, तापमान, विरघळलेले वायू आणि त्यात आधीच तयार झालेले स्फटिक यांवर अवलंबून असते. बेसाल्टी लाव्ह्यात सिलिका सु. ५० टक्के असते व त्याचे तापमान १,१००° से.च्या वर असते. असा लाव्हा पातळ असल्याने सहज पसरतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या दक्खन ट्रॅपचे थर अशाच लाव्ह्याचे असून सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्याच्या या गुणाची साक्ष देतात. याउलट अँडेसाइट, डेसाइट व रायोलाइट या खडकांचे लाव्हे सिलिकेने समृद्ध असतात व पुष्कळदा ८००° ते ९५०° से. इतक्या कमी तापमानास बाहेर येतात. वर चढत असतानाच दाब कमी झाल्याने त्यांतील पाण्याची वाफ निसटते, स्फटिक वाढतात व लाव्हा आणखी घट्ट होतो. त्याची श्यानता बेसाल्टी लाव्ह्याच्या लक्षावधी पट असते. असा लाव्हा निर्गमद्वारातून वाहत नाही, तर नळीतून दाबून काढलेल्या मळासारखा वर सरकतो.

ही वाढ दोन प्रकारे होते. नवा लाव्हा घुमटाच्या आत शिरून त्यास फुगवतो, तेव्हा वाढ अंतर्वर्धी असते. घुमटाचे कवच फोडून तो पृष्ठावर येतो, तेव्हा ती बहिर्वर्धी असते. एकाच घुमटात दोन्ही प्रकार आलटून पालटून दिसतात. पुरवठा मंद असला, तर नळीतच घट्ट झालेला खडक सुळक्याच्या रूपाने वर येतो. पुरवठा जलद असला, तर लाव्ह्याचे जाड खंड उतारावर सरकू लागतात. काही वेळा शिलारस पृष्ठापर्यंत न पोहोचता जमिनीखालीच फुगतो व वरची जमीन उचलली जाते. यास गुप्त घुमट म्हणतात. बहुतेक घुमटांभोवती त्यांच्याच कडांवरून ढासळलेल्या तप्त डबराचा उतार असतो व बाहेरून घुमट म्हणून दिसणाऱ्या राशीचा बराच भाग प्रत्यक्षात हे डबर असते.

पहिली निरीक्षणे : मार्तीनीक बेटावरील माँ पले या ज्वालामुखीने ८ मे १९०२ रोजी सेंट पियर हे शहर काही मिनिटांत उद्ध्वस्त केले व सु. २८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर फ्रेंच खनिजवैज्ञानिक आल्फ्रेद लाक्र्वा यांनी तेथे राहून केलेला अभ्यास हा घुमटांच्या वाढीचा पहिला पद्धतशीर अभ्यास मानला जातो. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात कुंडातील घुमटातून एक प्रचंड सुळका वर येऊ लागला. वाढ, पडझड व पुन्हा वाढ असे करीत १९०३ च्या मेपर्यंत तो कुंडाच्या तळापासून ३०० मी.हून अधिक उंच झाला. एका बाजूने गुळगुळीत व उभ्या ओरखड्यांनी भरलेला आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत असलेला हा खडकाचा स्तंभ जगभरच्या नियतकालिकांत छापला गेला. लाक्र्वा यांच्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली : सुळक्याची उंची म्हणजे वर आलेल्या खडकाचे मान नव्हे, कारण तो जितका वर येई तितकाच पुष्कळदा शेंड्याकडून ढासळत असे. वर्षभरात त्याचा ढिगारा झाला.

शोवा शिन्झान व मिमात्सू आलेख : घुमटाच्या जन्मापासून शेवटापर्यंतची वाढ सलगपणे रेखाटण्याचे श्रेय कोणा विद्यापीठाकडे किंवा वेधशाळेकडे जात नाही, ते जपानमधील एका खेड्याच्या पोस्टमास्तराकडे जाते. होक्काइडो बेटावरील उसू ज्वालामुखीच्या पूर्व पायथ्याशी २८ डिसेंबर १९४३ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. पुढे सपाट शेतजमीन फुगू लागली, रस्ते व पाटबंधारे तुटले, लोहमार्ग वाकडा झाला. २३ जून १९४४ रोजी गव्हाच्या शेतांतून पहिला स्फोट झाला व ऑक्टोबरअखेरपर्यंत स्फोट होत राहिले. नोव्हेंबरात उचललेल्या जमिनीच्या माथ्यातून डेसाइटाचा घुमट डोके वर काढू लागला आणि सप्टेंबर १९४५ मध्ये त्याची वाढ थांबली, तेव्हा जेथे शेते होती तेथे समुद्रसपाटीपासून सु. ४०७ मी. उंचीचा पर्वत उभा होता. त्यास शोवा शिन्झान म्हणजे शोवा काळातील नवा पर्वत असे नाव मिळाले.

हा काळ महायुद्धाचा होता. उद्रेकाची बातमी पसरून लोकांत घबराट होऊ नये म्हणून अधिकाऱ्यांनी ती दडपून ठेवली. कागद व छायाचित्रणाच्या फिल्मा दुर्मिळ झाल्या होत्या आणि शास्त्रज्ञांना तेथे दीर्घकाळ मुक्काम करणे शक्य नव्हते. अशा वेळी सोबेत्सू येथील पोस्टमास्तर मासाओ मिमात्सू (१८८८–१९७७) यांनी हे काम स्वतःकडे घेतले. त्यांचे भूविज्ञानाचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. मात्र १९१० साली उसूचा उद्रेक झाला, तेव्हा तो अभ्यासण्यासाठी आलेले विख्यात भूकंपवैज्ञानिक फुसाकिची ओमोरी यांना त्यांनी वाट दाखवली होती आणि निरीक्षण कसे करावे, हे त्या सहवासात पाहिले होते.

मिमात्सू यांची पद्धत इतकी साधी आहे की, ती कोणा शाळकरी मुलालाही समजावी. पोस्टाच्या इमारतीमागे त्यांनी आडव्या दोऱ्या समांतर ताणून बांधल्या. निरीक्षकाची नजर दर वेळी नेमक्या एकाच बिंदूवर यावी म्हणून हनुवटी टेकण्यासाठी एक आधार पक्का केला. त्यावर हनुवटी ठेवून पाहिले की, दोऱ्यांच्या पलीकडे पर्वताची कड दिसे आणि ती कोणत्या दोरीच्या किती वर वा खाली आहे, हे कागदावर उतरवता येई. प्रत्येक रेखाटनावर तारीख घालून ही सर्व बाह्यरेषांची चित्रे त्यांनी एकावर एक बसविली. या चित्रात सपाट जमीन प्रथम रुंद पाठीसारखी फुगते, मग तिच्या एका भागातून घुमटाचा माथा निघतो, त्याचा उतार तीव्र होत जातो व शेवटी रेषा एकमेकींच्या जवळ येऊन थांबतात. दोन रेषांमधील अंतर म्हणजे त्या दोन तारखांमधील वाढ. याखेरीज धक्क्यांची संख्या, आवाज, वाफेचा रंग, विहिरींतील बदल यांच्याही नोंदी ते ठेवीत असत.

१९४८ मध्ये ऑस्लो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे चित्र मांडले गेले व तेव्हापासून ते ‘मिमात्सू आलेख’ या नावाने ओळखले जाते. आधुनिक साधनांनी तयार होणारे घुमटांचे छेद तत्त्वतः याच आलेखाचे वंशज आहेत : निरीक्षणबिंदू स्थिर, मापनपट्टी स्थिर आणि तारीख निश्चित. या तिहींपैकी एकही सुटले, तर महागातले महाग उपकरणही उपयोगी पडत नाही. मिमात्सू यांनी १९४६ मध्ये त्या जमिनीची स्वतः खरेदी केली. शेते नष्ट झालेल्या शेतकऱ्यांच्या हाती त्यामुळे काही पैसा आला आणि पर्वतही खोदकामापासून वाचला. १९५७ मध्ये जपान सरकारने शोवा शिन्झानला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. थंड होत व आक्रसत गेल्याने त्याची उंची आता ३९८ मी. भरते. घुमटाबरोबर उचलली गेलेली माती उष्णतेने विटेसारखी भाजून निघाल्याने त्याचा रंग आजही तांबूस दिसतो.

उंची आणि घनफळ : मिमात्सू आलेख एका दिशेने पाहिलेली बाह्यरेषा दाखवितो. घुमट सर्व बाजूंनी सारखा असेल, तर त्यावरून घनफळाचा अंदाज करता येतो; नसेल, तर येत नाही. आणि खरी माहिती घनफळातच असते. समजा, घुमट अर्धगोलाकार आहे व त्यास सेकंदाला १ घ. मी. या स्थिर वेगाने लाव्हा पुरविला जात आहे. म्हणजे दिवसाला ८६,४०० घ. मी. भर पडेल. अशा घुमटाची उंची १०० मी. होण्यास सु. २१ लाख घ. मी. लाव्हा लागतो व ती सु. २४ दिवसांत गाठली जाते. तीच उंची २०० मी. होण्यास मात्र आठपट म्हणजे सु. १ कोटी ६८ लाख घ. मी. लाव्हा लागतो व त्यास आणखी सु. १७० दिवस जावे लागतात. केवळ माथ्याकडे पाहणाऱ्यास वाटावे की, ज्वालामुखी शमत चालला आहे. वस्तुतः खालून येणारा पुरवठा तसूभरही घटलेला नसतो. म्हणून आलेखाच्या उभ्या अक्षावर उंचीऐवजी एकूण घनफळ घेतात. त्या रेषेचा चढ म्हणजे पुरवठ्याचा वेग. चढ एकाएकी वाढला, की ती धोक्याची सूचना समजतात.

घनफळ काढण्यासाठी दोन पृष्ठे माहीत असावी लागतात, आजचे पृष्ठ आणि घुमट उगवण्यापूर्वीचे कुंडाच्या तळाचे पृष्ठ. पहिल्याचे मापन कष्टाने का होईना करता येते. दुसरे कायमचे गाडले गेलेले असते व त्यासाठी जुन्या नकाशांवर विसंबावे लागते. १ चौ. किमी. क्षेत्रावर सरासरी उंचीत १ मी.ची चूक झाली, तर घनफळात १० लाख घ. मी.ची चूक होते आणि वरील उदाहरणातील घुमटाची ती जवळजवळ बारा दिवसांची वाढ असते. शिवाय उतारावरून ढासळून दऱ्यांत गेलेला माल आणि राखेच्या रूपाने उडून गेलेला माल यांची भर घालावी लागते. डबरातील मोकळ्या जागा व लाव्ह्यातील बुडबुडे वजा करून घन खडकाचे घनफळ काढणे, हा त्यापुढचा हिशोब. निरनिराळ्या अहवालांत एकाच घुमटाचे निरनिराळे आकडे आढळतात, ते बहुधा यांपैकी कोणते घनफळ अभिप्रेत आहे, हे न सांगितल्यामुळे.

सेंट हेलेन्स : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट हेलेन्स या ज्वालामुखीने या शास्त्राला दोनदा शिकविले आणि पहिल्यांदा फार मोठी किंमत घेऊन. १९८० च्या वसंत ऋतूत त्याच्या उत्तर उतारावर फुगवटा आला. आत गुप्त घुमट वाढत होता. लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या उपकरणाने पाहता उतार दिवसाला दीड ते दोन मी. वेगाने बाहेर सरकत असल्याचे आढळले. १८ मे रोजी सकाळी तो सर्व उतार कोसळला, दडपण एकदम नाहीसे झाले व आडवा स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. त्यांत निरीक्षणासाठी जवळच्या कड्यावर थांबलेले तरुण ज्वालामुखीवैज्ञानिक डेव्हिड जॉन्स्टन हेही होते. अखेरच्या मापनांत फुगवट्याच्या वेगात लक्षणीय बदल झालेला नव्हता. वाढीचा आलेख नेहमीच आगाऊ सूचना देतो, असा समज यापुढे कोणाला बाळगता आला नाही.

त्या स्फोटाने तयार झालेल्या नालाकृती कुंडात त्याच वर्षी घुमट वाढू लागले. जून व ऑगस्टमधील घुमट पुढील स्फोटांत उडून गेले. ऑक्टोबरात सुरू झालेला टिकला. ऑक्टोबर १९८६ पर्यंत १७ टप्प्यांत वाढून तो सु. २६७ मी. उंच झाला व त्याचे घनफळ सु. ७ कोटी ४० लाख घ. मी. भरले. या काळात शास्त्रज्ञ घुमटाच्या पायथ्याशी जाऊन अगदी घरगुती वाटावीत अशी मापने करीत : कुंडाच्या तळाला पडलेल्या भेगांच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून त्यांतील अंतर पोलादी फितीने मोजणे, घुमटाच्या रेट्याने जमिनीचे तुकडे एकमेकांवर किती चढले ते पाहणे. नवा लाव्हा बाहेर येण्याआधी ही अंतरे वाढत्या वेगाने बदलू लागत. भूकंपांच्या नोंदी जोडीला घेऊन जून १९८० ते डिसेंबर १९८२ या काळातील १३ उद्रेकांची पूर्वसूचना देण्यात आली व एप्रिल १९८१ पासूनच्या सात उद्रेकांची सूचना तर तीन दिवस ते तीन आठवडे आधी दिली गेली. ज्वालामुखीच्या बाबतीत भविष्य इतक्या नेमकेपणाने सांगता येण्याचे हे विरळ उदाहरण आहे. त्याचे कारण ज्वालामुखीच्या नियमित वागण्यात जितके होते, तितकेच फितीने मोजण्याच्या चिकाटीतही होते.

ऑक्टोबर २००४ मध्ये कुंडात पुन्हा लाव्हा येऊ लागला व ही वाढ जानेवारी २००८ पर्यंत चालली. या वेळी खडक जवळजवळ घन अवस्थेत वर येत होता. देवमाशाच्या पाठीसारखे गुळगुळीत, ओरखड्यांनी भरलेले सुळके एकामागून एक सरकत येऊन मोडत होते. आधीच्या घुमटामागे साचलेल्या हिमनदीचे या नव्या घुमटाने रेटून दोन भाग केले. काही आठवड्यांच्या अंतराने विमानातून उभी छायाचित्रे घेण्यात येत. एकाच भागाची दोन जागांहून घेतलेली छायाचित्रे जोडीने पाहिली की खोलीचे ज्ञान होते, या तत्त्वावर त्यांवरून उंचीचे अंकीय नकाशे तयार केले जात व लागोपाठच्या नकाशांची वजाबाकी करून कोठे किती भर पडली हे काढले जाई. घुमटावर पाय ठेवणे धोक्याचे असल्याने जीपीएस व भूकंपमापक बसविलेली तीन पायांची पोलादी घोडी हेलिकॉप्टरला लोंबकळत नेऊन तेथे सोडली जात. शास्त्रज्ञ त्यांना ‘कोळी’ म्हणत. पुरवठ्याचा वेग आरंभी सेकंदाला २ ते ३ घ. मी. होता व तो हळूहळू घटत गेला. एकूण घनफळ ९ कोटी घ. मी.च्या थोडे वर भरले. सुळका वर सरकत असताना मिनिटामिनिटाच्या अंतराने एकसारखे लहान भूकंप होत असत. भूकंपलेखावर ते ढोलाच्या ठोक्यांसारखे दिसत.

उन्झेन व सूफ्रिएर हिल्स : जपानच्या क्यूशू बेटावरील उन्झेन येथे २० मे १९९१ रोजी घुमट दिसू लागला. तो उंच उताराच्या काठावर वाढत असल्याने त्याची कड सतत तुटून अग्निदलिक प्रवाह निर्माण होत. ३ जून रोजी अशा एका प्रवाहात ४३ माणसे मरण पावली. ज्वालामुखींच्या चित्रणासाठी प्रसिद्ध असलेले मोरीस व कात्या क्राफ्त हे फ्रेंच दांपत्य आणि अमेरिकी ज्वालामुखीवैज्ञानिक हॅरी ग्लिकन यांचा त्यांत अंत झाला. पुढे १९९५ च्या आरंभापर्यंत लाव्ह्याचे १३ खंड बाहेर आले व एकूण सु. २० कोटी घ. मी. खडक वर आला. पुरवठा जलद असताना नवे खंड पृष्ठावर सरकत व मंदावल्यावर घुमट आतून फुगे, हे येथील क्रमवार नकाशांवरून स्पष्ट झाले.

कॅरिबियन समुद्रातील माँटसेरात बेटावर १८ जुलै १९९५ रोजी सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला व नोव्हेंबरात अँडेसाइटाचा घुमट वाढू लागला. तेथील वेधशाळेने थिओडोलाइट, ठराविक ठिकाणांहून घेतलेली छायाचित्रे आणि हेलिकॉप्टरमधून वापरायची लेसर दुर्बीण यांच्या साहाय्याने घनफळाचा जो आलेख वर्षानुवर्षे चालविला, तो या विषयातील अत्यंत समृद्ध नोंदींपैकी एक होय. १९९६ च्या आरंभी सेकंदाला १ ते २ घ. मी. असलेला पुरवठा १९९७ च्या अखेरीस सु. ७ ते ८ घ. मी.वर गेला. कलमापकांवरून घुमट व त्याखालील नळी सु. ६ ते ३० तासांच्या चक्राने फुगते व ओसरते, हेही कळून आले. फुगण्याचा कळस गाठला गेला, की पडझड सुरू होई. २५ जून १९९७ रोजी घुमटाचा मोठा भाग उत्तरेकडे कोसळून १९ माणसे मेली. हा भाग निषिद्ध ठरविला गेला होता. तरी आपल्या शेतांतील पीक व जनावरे सांभाळण्यासाठी माणसे तेथे जात-येत होती. नकाशा कितीही अचूक असला, तरी त्यावरील रेषेच्या आत एखाद्याचे पोट असते, ही अडचण नकाशाकारास सोडविता येत नाही. प्लिमथ ही बेटाची राजधानी पुढे राखेखाली गाडली गेली व निम्म्याहून अधिक रहिवाशांनी बेट सोडले. १२-१३ जुलै २००३ रोजी याच घुमटाचा सु. २१ कोटी घ. मी. भाग कोसळला. इतिहासात नोंदलेल्या घुमटांच्या कोसळण्यांत हे सर्वांत मोठे मानतात. त्या वेळेपर्यंत दक्षिण भाग रिकामा झालेला होता. फेब्रुवारी २०१० नंतर घुमटाची वाढ थांबली आहे.

ढगांआडचा घुमट : वरील सर्व पद्धतींचा एक समान दोष असा की, घुमट डोळ्यांना दिसला पाहिजे. प्रत्यक्षात ज्वालामुखींचे माथे आठवडेच्या आठवडे ढगांत असतात आणि वाढ जलद असेल तेव्हा वाफ व राख यांनी ते अधिकच झाकले जातात. म्हणजे मापनाची निकड सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी मापन अशक्य होते. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जात असल्याने ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली. एकविसाव्या शतकात सुमारे १ मी.इतका बारकावा दाखविणारे रडार उपग्रहांवर बसविण्यात आले. तिरप्या दिशेने पाहत असल्याने उंच कडांच्या मागील भाग रडारच्या छायेत जातो व समोरची कड चित्रात पुढे झुकलेली दिसते. हे दोष लक्षात घेऊन छायेच्या लांबीवरूनच घुमटाची उंची काढण्याची युक्तीही वापरतात.

जावा बेटावरील मेरापी ज्वालामुखीच्या २०१० च्या उद्रेकात या साधनाची कसोटी लागली. २६ ऑक्टोबरच्या स्फोटाने जुना घुमट नष्ट झाला. पर्वताचे पारंपरिक राखणदार म्हणून मान असलेले वृद्ध म्बाह मारिजान यांनी गाव सोडण्यास नकार दिला होता. ते त्या दिवशी मृत्यू पावले. त्यानंतर नवा घुमट दिसेनासा इतक्या ढगांत वाढत होता. उपग्रहांच्या रडारचित्रांवरून ४ नोव्हेंबरपर्यंत त्याचे घनफळ सु. ५० लाख घ. मी. झाल्याचे व पुरवठ्याचा वेग सेकंदाला सु. २५ घ. मी. असल्याचे आढळले. मेरापीवर एरवी दिसणाऱ्या वेगाच्या तो कितीतरी पट होता. भूकंप व वायू यांची मापनेही तेच सांगत होती. निषिद्ध क्षेत्राची त्रिज्या प्रथम १० किमी. होती. ती १५ व नंतर २० किमी. करण्यात आली आणि सु. चार लाख लोकांना हलविण्यात आले. ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर झालेल्या महास्फोटातील प्रवाह सु. १६ किमी.पर्यंत पोहोचले. संपूर्ण उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. लोकांना हलविले नसते तर हा आकडा आणखी १० ते २० हजारांनी वाढला असता, असा तज्ञांचा अंदाज आहे.

अलीकडे ड्रोनने घेतलेल्या शेकडो छायाचित्रांवरून संगणकाच्या साहाय्याने घुमटाची त्रिमितीय प्रतिमा काही तासांत तयार करता येते आणि उष्णतासंवेदी कॅमेऱ्याने नवा लाव्हा कोठून निघत आहे, हे रात्रीही कळते. मात्र या साऱ्या पद्धती घुमटाचे बाहेरचे रूप दाखवितात. आतील वायूंचा दाब त्यांतून कळत नाही. कवच दाट होऊन वायू कोंडले गेले, तर वाढीचा वेग न बदलताही स्फोट होऊ शकतो. यासाठी घनफळाचा आलेख भूकंप, जमिनीचा कल व सल्फर डाय-ऑक्साइडाचे प्रमाण यांच्या नोंदींशेजारी ठेवूनच वाचतात. [→ भूकंपविज्ञान].

सेंट व्हिन्सेंट बेटावरील ला सूफ्रिएर ज्वालामुखीच्या कुंडात १९७९ साली बनलेला जुना घुमट होता. २०२० च्या डिसेंबरअखेर त्याच्या शेजारी नवा लाव्हा येऊ लागला. जुना घुमट व कुंडाची भिंत यांच्या चिंचोळ्या जागेत सापडल्याने तो गोल न होता दोन्ही बाजूंनी लांबत गेला. मार्च २०२१ मध्ये घेतलेल्या मापनांत त्याची लांबी सु. ९०० मी., रुंदी सु. २४० मी., उंची सु. १०५ मी. व घनफळ सु. १ कोटी ३० लाख घ. मी. भरले. तीन महिने वाढ संथ होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भूकंपांचे समूह वाढले व घुमटाची वाढही झपाट्याने होऊ लागली. ८ एप्रिल रोजी सरकारने उत्तर भागातील सु. १६,००० रहिवाशांना गावे सोडण्याचा आदेश दिला. ९ एप्रिलच्या सकाळी स्फोट सुरू झाले व पुढील काही दिवसांत नवा घुमट, तसेच १९७९ चा घुमटही, नाहीसा झाला. स्फोटांत थेट सापडून कोणीही मृत्यू पावले नाही.